निळा तुकडा

कपाट आवरताना तो निळा कापडाचा तुकडा हाताला लागला आणि तो दिवस आठवला. मानपाड्याजवळच्या आमच्या रंगाईच्या कारखान्यात रंग तपासायचं मशीन तेव्हा नुकतंच आलेलं, माझ्याच हट्टाने. तरी आमचे जुने रंगारी काका सवयीने हा ओला तुकडा घेऊन दारातल्या उन्हात गेले. म्हणाले, "साहेब, लालसर मारतोय. माल सोडू नका." मी सगळ्यांसमोर हसलो. "काका, मशीन पास म्हणतंय. तुम्ही आधी चष्मा बदला." रंग लालसर म्हणून गिऱ्हाइकाकडून माल परत आला, तेव्हा मालकांनी चूक कोणाची म्हणून विचारलं. मी म्हणालो, "रंग काकांनीच पास केला. त्यांची नजर गेलीय." त्यांना त्याच दिवशी काढलं. जाताना त्यांनी हा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. आज खिडकीत धरला, तर लाली स्वच्छ दिसली. खरं सांगतो, त्या दिवशीही मला ती दिसली होती.