आधी पंचनामा

गोळ्या सुटत असताना इंगोलेकाका पडक्या इमारतीची भिंत न्याहाळत उभे राहायचे. अमरावतीत माझं गेमिंग पार्लर आहे. तिथं आम्ही जो खेळ खेळायचो, त्यात महामारीनं ओस पडलेलं शहर होतं, टोळ्यांचा धुमाकूळ होता आणि औषधांची पेटी छावणीत पोहोचवायची होती. काका भातकुलीकडचे निवृत्त तलाठी. घरात करमेना म्हणून येऊन बसू लागले आणि कधी आमच्या संघात शिरले ते कळलंच नाही.

नोकरी सुटली होती, सवय सुटली नव्हती. "नुकसान निकषात बसत नाही. अर्धी भिंत उभी हाये," असं ते गंभीरपणे जाहीर करायचे. आमचा दुसरा भिडू इरफान, स्पेअर पार्टवाला, जखमी होऊन ओरडायचा, "काका, उठवा ना मले!"

"थांब बापू. आदी पंचनामा, मंग मदत."

तोवर इरफान मेलेला असायचा. मग काका हळहळत वारसाची चौकशी करायचे. सरकारी पद्धत एवढी तंतोतंत पाळणारा खेळाडू दुसरा नसेल. दुष्काळाच्या वर्षांत वाळलेल्या सोयाबीनच्या धुऱ्यावर उभं राहून त्यांनी हेच किती जणांना ऐकवलं असेल, कोण जाणे.

मग अकोल्याच्या संघाशी सामना ठरला. मागच्या खेपेला त्यांनी आम्हाला धुतलं होतं, आणि अकोल्याकडून हरणं अमरावतीकराला सोसत नाही. काकांना आम्ही बजावलं, पंचनामा बंद, फक्त पळायचं. सामन्यात इरफान पडला, मीही पडलो. पेटी काकांकडे, छावणी समोर, अकोलेकर मागे. चौकात एक आजारी बाई हात पसरून बसली होती. खेळात असे आजारी लोक असतातच. त्यांना औषध देऊन गुण मिळत नाहीत, वेळ तेवढा जातो.

"काका, पळा! ती निकषात बसत नाही!" मी ओरडलो.

काका थांबले. मला वाटलं, आता भिंत बघणार. त्यांनी पेटी उघडली. बाईला औषध दिलं, मागून आणखी आजारी आले, त्यांनाही दिलं. अकोलेकरांनी त्यांना आरामात टिपलं.

इरफान भडकला. "काहून केलं असं काका? पंचनामा तरी करायचा!"

काकांनी हेडफोन काढला. "जिंदगीभर तेच केलं ना, बाप्पा. लोक माह्या तोंडाकडे पाहत राह्यचे, अन् मी नियम वाचून दाखवायचो. इथं वरून कोनाचा फोन येनार नोता."

हरल्याचं दुःख मी विसरलो. त्या माणसाची मला फार माया वाटली.

काका मागच्या हिवाळ्यात गेले. अकोल्याची पोरं अजून चिडवतात, अमरावतीवाले औषध वाटत बसले म्हणून हरले. मी म्हणतो, हो, वाटत बसले.