नसरीनच्या निळ्या पेशी

प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली की बाकी काही साठो न साठो, किस्से साठतातच. कुणी चहा पाजला की मी सुरू! कॉलेज आमचं धाराशिवचं, मी तिथला लॅब अटेंडंट. पोरं, सर, सगळे मला मामाच म्हणतात. आन् आधीच सांगतो, आमच्या लॅबसारखं काम पुण्यातबी होत न्हाय! लॅबचे प्रमुख आमचे सर, त्यांना मात्र विचारू नका, ते लाजतात.

*

नसरीन पीएचडीला आली तेव्हा मी विचारलं, "पोरी, नेमकं करणार काय?"

"मामा, उंदराला भूल देऊन मूत्राशयाकडं जाणारी एका बाजूची नस कापायची. मग त्या नसेच्या मुळाशी ज्या पेशी असतात, त्यांच्यात काय बदलतं ते बघायचं. एक एन्झाइम आहे, एरवी थोड्याच पेशी ते बनवतात. नस दुखावली की जास्त पेशी बनवायला लागतात, असा माझा अंदाज आहे."

"घरात एक आजारी पडला की सगळे चुलीपुढं गर्दी करतात, तसं?"

"अगदी तसंच! आणि ज्या पेशीत ते असेल, ती रंग टाकला की निळी दिसते."

"व्हय, पण मूत्राशयच का गं?"

मग तिनं सांगितलं. तिचे अब्बा ढोकीकडं उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. ट्रॉलीवरून पडले, कमरेच्या नसा चेपल्या. तेव्हापासून त्यांना लघवी लागलेली कळत न्हाय. "सगळे म्हणाले, नस गेली, विषय संपला. मला बघायचंय, नस गेल्यावर पुढं आत काय होतं."

त्या दिवसापासून तिचं काम ते माझं काम.

*

एकदा भर उन्हाळ्यात लाइट गेली, फ्रीजर पाझरायला लागला. आत नसरीनची सहा महिन्यांची मेहनत! मी थर्मासचा डबा उचलून समोरच्या रसवंतीवर पळालो.

"बर्फ दे, लवकर!"

"किती पावणे आलेत, मामा?"

"पावणे कसले, उंदराच्या नसा ठेवायच्यात!"

बाकावरच्या तिघांनी रसाचे ग्लास तसेच खाली ठेवले. रसवंतीवाल्यानं मला कोपऱ्यात ओढलं, होता नव्हता तेवढा बर्फ डब्यात ओतला आन् हात जोडले. "मामा, रोज न्या. पण तोंडानं मागू नका!"

*

लग्नसराईत एक वरात नेमकी आमच्या गेटासमोर थांबली. फटाके तेरखेड्याचे, तिथं कारखानेच हायती, मग काय विचारता! ऑपरेशन झालेले उंदीर पिंजऱ्यात थरथरायला लागले. नसरीन तडक जाऊन घोड्यापुढं उभी.

"दादा, फटाके थांबवा! आत उंदरांना टेन्शन येतंय."

नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला केल्या. "ताई, दोन तास झाले मी घोड्यावर बसलोय. मला कुणी विचारलं का टेन्शनचं?"

पण फटाके थांबवले बिचाऱ्यानं. वर उंदरांसाठी बुंदीची पुडी पाठवली. ती मी खाल्ली.

*

आन् आला की रंग! कापलेल्या बाजूच्या पेशी निळ्याशार, दुसऱ्या बाजूला इथं एक, तिथं एक. सर लॅबमध्ये टाळ्या वाजवत फिरले. मग नसरीननं परिषदेत ते मांडलं, तर एक बडे शास्त्रज्ञ सगळ्यांसमोर म्हणाले, "धाराशिवला? रंग जास्त वेळ राहिला असेल, म्हणून निळं दिसलं."

पोरगी रडली. मला तर असा राग आला म्हणता! पण दुसऱ्या दिवशी तिनं सगळं पहिल्यापासून परत केलं. परत तेच निळं.

आन् नशीब बघा, तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून तेच साहेब आले.

*

साहेबांनी प्रश्नबिश्न काही विचारला न्हाय. रंगवलेल्या पेशींच्या बारा काचा मागवल्या, लेबलांवर कागद चिकटवला, पत्त्यांसारख्या पिसल्या. "सांगा, कापलेली बाजू कुठली आणि चांगली कुठली."

नसरीन मायक्रोस्कोपवर बसली. एकेक काच बघून सांगत गेली. साहेब कागद काढून ताडून बघत होते. दहा बरोबर. दोन चूक, त्याबी एकाच उंदराच्या.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. सरांनी मान खाली घातली. पाच वर्षांचं काम पाण्यात जाणार, हे मलाबी कळत होतं.

नसरीननं त्या दोन काचा परत बघितल्या. "सर, माझं उत्तर तेच आहे. लेबल चुकलंय."

"पीएचडी पणाला लावून सांगताय?"

"हो."

 त्या उंदराची लेबलं मी चिकटवली होती. पण पोरगी एकटी उभी होती ना!

"साहेब," मी म्हणालो, "ती लेबलं माझ्या हातची. दोन्ही बाजूंचे उरलेले तुकडे फ्रीजरात हायती, त्या डब्यांवर नसरीनचं अक्षर हाय. आत्ता कापा, आत्ता रंगवा, तुमच्या डोळ्यांदेखत."

दोन तास गेले. तीनदा चहा झाला. मग साहेबांनी स्वतः नव्या काचा लावल्या. कापलेल्या बाजूची बघितली, चांगल्या बाजूची बघितली, परत कापलेल्या बाजूची. निळीशार! माझी लेबलं खरंच उलटी लागली होती.

साहेब उठले आन् सरळ माझ्याकडं आले. म्हटलं, आता नोकरी गेली!

त्यांनी माझा हात हातात घेतला. "मामा, लेबल चुकलं, पण पोरीचा रंग चुकला नाही. तुम्ही चुकला नसतात, तर मी मानलं नसतं."