डब्यात माझी चिठ्ठी नव्हती

"तुझं नसीबच नाही गं," बाई म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला.

सातवीत होते. ग्वाल्हेरला गोरखी वाड्याजवळची शाळा. पाहुणे येणार होते, त्यांना ओवाळायला एक मुलगी हवी होती. निवड चिठ्ठ्या टाकून. स्टीलच्या डब्यात सगळ्या मुलींची नावं, बाई डोळे मिटून हात घालणार. दर वेळी नाव निघायचं ते ठरलेल्या घरांतलंच. त्यांचे पूर्वज दरबारात कारकून, नाहीतर पुजारी. मराठ्यांच्या त्याच फौजेबरोबर दख्खनेतून माझेही पूर्वज ग्वाल्हेरला आले. ते घोड्यांची लीद काढत राहिले.

त्या दिवशी मी उठले. डबा उचलला आणि टेबलावर पालथा केला. एकेक चिठ्ठी उघडली.

माझं नाव नव्हतं. आमच्या बस्तीतल्या एकाही मुलीचं नव्हतं.

"बाई, माझी चिठ्ठी कुठाय?"

बाई लालबुंद झाल्या. "तुझ्या हातून कोण ओवाळून घेईल?"

आता कुणी हसलं नाही. मला शाळा सुटेपर्यंत उन्हात उभं केलं. आईला बोलावलं. आई हात जोडून माफी मागत राहिली. मला म्हणाली, "तूपण माग." मी म्हटलं, "नाही मागणार." घरी जाताना ती पुढे पुढे चालत होती. टोपी बाजाराच्या गर्दीतच थांबली.

"खरंच नव्हतं नाव?"

"नव्हतं."

"मग बरं केलंस."

आता मी पीएच.डी. करते आहे. मुलं संभाव्यता कशी शिकतात, हा विषय. शाळांमधून जाते, विचारते, डब्यात वर्गातल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या आहेत, कुणाचं नाव निघेल? काही मुली म्हणतात, कुणाचंही निघू शकतं. बस्तीतली एक मुलगी म्हणाली, "जिसका मैडम चाहेंगी." मग तिच्यासारख्या आणखी भेटत गेल्या.

माझे मार्गदर्शक सर ती उत्तरं वाचून हसले. "यांना संभाव्यता कळतच नाही. काढून टाका हे सगळं."

"कळते, सर. जे रोज पाहिलं, त्यावरून त्यांनी अंदाज बांधला. संख्याशास्त्र दुसरं काय करतं? चूक आपल्या प्रश्नात आहे. सगळ्यांच्या चिठ्ठ्या आत आहेत, हे आपण धरून चाललो. त्यांनी का धरावं?"

सरांचं हसू गेलं. "तुम्ही लोक गणितातही जात घुसवता. ही उत्तरं काढा, मग प्रबंधावर सही करतो."

मी उत्तरांचे कागद परत घेतले.

"मी घुसवली नाही, सर. ती आधीच होती. काढणार नाही."

सही अजून झालेली नाही. वर्ष वाया जाईल, शिष्यवृत्ती थांबेल, लोक म्हणतील डोक्यावर पडली आहे. म्हणू देत. दुसरा मार्गदर्शक शोधेन. नाही मिळाला तर सहीशिवाय लिहीन.

पण या मुलींना अडाणी ठरवून मी डॉक्टर होणार नाही.