पहिला पॅनल घरचा

जे मी बायकोला सांगितले नाही, सख्ख्या भावाला सांगितले नाही, देवापुढे हात जोडतानाही ज्याच्यावरून मनातल्या मनात घाईने पुढे सरकत आलो, ते आज तुम्हांला सांगायला बसलो आहे. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच जमेल. कदाचित अर्ध्यावर थांबेनही — याआधी तसे झाले आहे.

नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी पॅनलचे उत्पादन पाहतो. पॅनल म्हणजे दोन रंगीत पत्रे आणि मध्ये फोम. दोन रसायने एकत्र करून पत्र्यांच्या मधल्या जागेत ओतली की ती फसफसतात, फुगतात, सगळी पोकळी भरून काढतात आणि गरम प्रेसच्या दाबाखाली घट्ट होतात. त्या फोमला वेगळा डिंक लागत नाही. तो स्वतःच दोन्ही पत्र्यांना धरतो. असा पॅनल छताला घातला तर ऊन आत येत नाही, आणि वर माणूस चालला तरी तो वाकत नाही. नुसत्या पत्र्यात हे बळ नसते, नुसत्या फोममध्ये तर नसतेच. दोघांनी एकमेकांना धरले असेल तरच ते येते. पण धरले आहे की नाही, हे बाहेरून कसे कळावे? रंग तोच, चकाकी तीच.

मी ठोकून पाहतो. बोटे मुडपून, पेरांनी, टोकापासून टोकापर्यंत. धरलेल्या जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी किंचित सैल. यंत्रे आता आली आहेत, तरी माझी सवय गेली नाही. आमच्याकडे फिटिंगला येणारा भानुदास यावरून माझी फार चेष्टा करायचा. मी ठोकायला लागलो की तो पॅनलच्या पलीकडे जाऊन बारीक आवाज काढायचा, "कोन हाय? या, या, दार उघडंच हाय!" सगळे हसत. त्याचा थोरला भाऊ निवृत्ती मात्र दटावायचा. "गप रे भान्या. सायबांनी ठोकलं म्हंजी काम झालं. त्यांच्या बोटाला कान हाईत."

हे दोघे तिसगावकडचे. घरातले सगळे दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. निवृत्ती त्यातून बाहेर पडणारा पहिला. आमच्याकडे हमाली करता करता तो फिटिंग शिकला, मग चार माणसे जमवून स्वतःची टोळी केली आणि धाकट्या भावालाही कोयता खाली ठेवायला लावला. आमचे पॅनल जिथे जात, तिथे बहुतेक निवृत्तीच ते बसवत असे. मीच त्याचे नाव पुढे करायचो. हे सांगताना मला माझा चांगुलपणा दाखवायचा नाही — पुढे जे झाले ते किती जवळच्या माणसाशी झाले, एवढेच कळावे.

आता कारखान्यातली एक रीत सांगायला हवी. टाळता येणार नाही.

हिवाळ्यात नगरला सकाळी पत्रे इतके गार असतात की हात लावताना चटका बसावा. प्रेसही तापायला वेळ घेते. अशा गार पत्र्यावर ओतलेला फोम चिकटल्यासारखा दिसतो, पण सगळीकडे धरत नाही, विशेषतः टोकांना. म्हणून आमच्याकडे रीत आहे, की थंडीतल्या सकाळचा पहिला पॅनल विकायचा नाही. त्याला 'घरचा' म्हणतात. वॉचमनची खोली, कॅन्टीनच्या भिंती, सायकली लावतो तिथला आडोसा — सगळे घरच्या पॅनलांचे. उभ्या भिंतीला तो चालतो. छतावर कुणी चढवत नाही. ही रीत कुणी शिकवावी लागत नाही. नवा माणूस दोन दिवसांत ती आपोआप पाळायला लागतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गार सकाळी जामखेडच्या बाजूला एका खासगी दूध संकलन केंद्राच्या छताचा माल निघत होता. टेम्पो भरत आला आणि दोन पॅनल कमी निघाले. मोजणी माझी होती. नवे ओतून, घट्ट होऊन, कापून निघेपर्यंत दुपार झाली असती. कारखान्याच्या मालकांना जाऊन सांगायचे, की माझे मोजायचे चुकले — यापलीकडे त्यात काहीच नव्हते. पण आदल्याच आठवड्यात अशाच चुकीसाठी मी एका कामगाराला सगळ्यांदेखत बोललो होतो. फार बोललो होतो. आता तेच सगळे टेम्पोभोवती उभे होते.

कॅन्टीनच्या भिंतीला दोन घरचे पॅनल टेकवून ठेवलेले होते. रंग तोच. लांबी तीच.

मी ते ठोकले. हे तुम्ही नीट ऐका, कारण मला कळले नाही असे म्हणायला मी जागा ठेवू इच्छित नाही. मधोमध आवाज भरीव होता. टोकाकडे सैल. मला ऐकू आले. टेम्पो भरणारा माणूस म्हणाला, "सायेब, हे तं घरचे हाईत ना?" मी म्हणालो, "तपासलेत मी. चढव." त्याने चढवले. मी तपासले म्हटल्यावर त्याने त्यावर पुन्हा विचार तरी कशाला करावा?

एवढ्यावर हे थांबले असते तर? मी स्वतःला हा प्रश्न पुष्कळदा विचारला आहे. तरीही मी अपराधीच ठरलो असतो. पण जे खरे सांगायचे आहे, ते अजून पुढेच आहे.

उन्हाळ्यात एके दुपारी निवृत्तीचा फोन आला. "सायेब, भान्या पडला." त्या दूध केंद्राचे छत निवृत्तीच्याच टोळीने बसवले होते. त्याच्यावर पाण्याच्या टाकीचा पाइप बांधायला भानुदास चढला होता. छताच्या कडेला त्याचा पाय पडला, पॅनलचे टोक कागदासारखे दुमडले आणि तो खालच्या सिमेंटच्या ओट्यावर आपटला. कमरेचे हाड मोडले.

दुसऱ्या दिवशी मी जामखेडला गेलो. केंद्राचा मालक चिडलेला होता. दोष कुणाचा ते त्याला समोरासमोर हवे होते. कारखान्याचा की फिटिंगवाल्याचा? तो पॅनल उतरवून अंगणात ठेवला होता. निवृत्ती दवाखान्यातून थेट आला होता, अंगावर कालचाच शर्ट.

दुमडलेल्या टोकाशी वरचा पत्रा फोमपासून सुटला होता. आतून तो स्वच्छ होता. धरलेला पत्रा ओढून काढला तर फोम फाटतो, त्याचे तुकडे पत्र्याला चिकटून राहतात. इथे एक कणही नव्हता. त्या स्वच्छ पत्र्याचा अर्थ त्या अंगणात मला एकट्यालाच कळत होता. निवृत्ती वाकून म्हणाला, "सायेब, पत्रा असा कोरा कसा काय निघाला?" त्याने सहज विचारले होते. त्याच्या मनात काहीही नव्हते.

मी म्हणालो, "पडताना सोलला गेला."

मग नमुना कापायचे ठरले. सगळ्यांसमोर एक तुकडा कापायचा, पत्रा उचकटायचा आणि पाहायचे. कुठून कापायचा ते मी ठरवणार होतो. मी गुडघ्यावर बसलो आणि पॅनल ठोकू लागलो — सावकाश, कान लावून, अगदी मन लावून. पाहणाऱ्यांना वाटले, माणूस किती बारकाईने तपासतो आहे. मी दोष शोधत नव्हतो. मी चांगली जागा शोधत होतो. तीस वर्षांत बोटांनी जे शिकून ठेवले होते, ते सगळे मी त्या एका कामाला लावले. मधोमध आवाज भरीव आला. तिथे मी खूण केली.

करवत चालवताना पॅनल हलत होता. निवृत्तीने तो दोन्ही हातांनी दाबून धरला.

तुकडा निघाला. पत्रा उचकटला तसा फोम फाटून त्याला चिकटून आला. मी तो मालकापुढे धरला. "पाहा, किती घट्ट आहे." आणि मग, कुणी विचारण्याआधीच, मी म्हणालो, "टोकाचे स्क्रू जास्त आवळले गेलेत. पॅनल दबला आणि तिथून दुमडला."

निवृत्ती भांडेल, असे मला वाटले होते. खरे सांगतो, त्याने भांडावे असेही कुठेतरी वाटत होते. मग मी थोडा मागे सरलो असतो, दोष वाटून घेतला असता. त्याने तो तुकडा हातात घेऊन पाहिला. मग मालकाला म्हणाला, "टोकाचे स्क्रू मीच मारलेत. दुसऱ्या कुनाला मारू दिले न्हाईत." आणि माझ्याकडे वळून, "सायेब, तुमचं नाव खराब केलं मी."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

मालकाने तो पॅनल आणि त्याला लागून असलेला दुसरा घरचा, असे दोन्ही भंगारात घातले आणि तेवढ्या जागेवर पत्रा टाकला. ते ऐकून मला सुटल्यासारखे वाटले. निवृत्तीला आमच्याकडून काम मिळेना. तो मागायलाही आला नाही. टोळी पांगली. त्या दिवाळीनंतर तो पुन्हा कोयता घेऊन ऊसतोडीला गेला. भानुदास काठी घेऊन चालतो. मी त्याला भेटायला एकदा गेलो होतो. त्याची बायको चहाचा कप माझ्यापुढे ठेवताना आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भावानंच मोडला भावाला. लोकांनी मोडला अस्ता तं दुख नव्हतं." आतल्या खोलीत निवृत्ती होता. तो बाहेर आला नाही. भानुदास माझ्याकडे पाहून हसला, पण चेष्टा त्याने केली नाही. मी चहा पूर्ण प्यालो.

त्यानंतर दोघांच्या चुली वेगळ्या झाल्या. हे मला दुसऱ्यांकडून कळले.

लोक म्हणतात, काळ गेला की असल्या गोष्टी बोथट होतात. माझ्या बाबतीत तसे का झाले नाही, हे मी शोधून पाहिले. भानुदासचे हाड मी दोन पॅनल चढवून मोडले, हे खरे आहे. पण निवृत्तीचे मी जे केले त्याला नाव काय द्यावे? इतरांनी त्याला दोषी मानावे एवढे करून मी थांबलो नाही. मी त्यालाच ते पटवून दिले. तो आजही मानतो की भावाला त्याने पाडले. माझ्या एका वाक्याने त्याला त्यातून बाहेर काढता येते. ते वाक्य रोज माझ्याजवळ असते. मी ते बोलत नाही. नोकरी जाईल, नाव जाईल — ही कारणे मी मांडू शकतो, पण ती कारणे आहेत असे मला वाटत नाही. मी भितो, एवढेच.

आणि आज ते तुम्हांला सांगितले — तुम्हांला, त्याला नाही.

यंदा थंडी सरता सरता त्याचा फोन आला. इतक्या वर्षांनी. आवाज तोच, आदरही तोच. "सायेब, भान्याला एक खोली बांधून देतोय. आता बोलतो जरासा माझ्याशी. पत्र्याखाली लई तापतं त्याला. पॅनल टाकावं म्हन्तो. तुमी सोता बघून द्या." मी म्हणालो, देतो. मग तो म्हणाला, "अन् बसवायला दुसरं मानूस द्या. माझ्या हातच्या छताखाली त्यो झोपायचा न्हाई. अन् मलाबी झोप यायची न्हाई."

त्या वेळी मी बोलू शकलो असतो. फोनवर आम्ही दोघेच होतो.

मी म्हणालो, "देतो."

पॅनल मी स्वतः निवडून पाठवले. फिटरही पाठवला. परत आल्यावर तो म्हणाला, घरधन्याचा थोरला भाऊ दिवसभर खाली उभा राहून एकेक पॅनल वर देत होता. दोनदा शिडीपाशी गेला, पण वर चढला नाही.