शून्य भाताचे तीन महिने

कोर्टात बाबूगिरी करता करता माझं पोट टेबलाला टेकायला लागलं, तरी मी खुर्चीलाच दोष देत होतो. मग रक्त तपासलं आणि साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने खाणं सांभाळा, वजन उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू. माझ्या वडिलांचं प्रकरण गोळ्यांपासून सुरू होऊन पायाचा अंगठा कापण्यापर्यंत गेलं होतं. मी चांगलाच घाबरलो, आणि घाबरल्यावर मी नेहमी करतो तेच केलं. घरी हुकूम सोडला. आजपासून या घरात भात शिजणार नाही.

हा हुकूम भातावरच जगणाऱ्या बालाघाटात, आणि तोही कटंगीच्या सासऱ्यांनी चिन्नोर तांदळाचं अख्खं पोतं पाठवल्यावर! मुलं बाहेरगावी, घरात आम्ही दोघंच. बायको अंगाने माझ्या निम्मी. ती एवढंच म्हणाली, "तुमी खात नाही तं माह्या एकटीसाठी कायले शिजवू? मलेही नको."

मला ते फार गोड वाटलं. अभिमानाने छाती फुगली, पोटाला तेवढीच सोबत.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी माझं वजन केलं, आणि गंमत म्हणून बायकोचंही. मला वही दिली आणि खाल ते लिहा म्हणाल्या. मी इमानदारीत लिहिलं. सकाळी दोन प्लेट पोहे, कारण दुपारी भात नाही. चार वाजता कोर्टाबाहेर मुरमुऱ्यांचा चिवडा. संध्याकाळी तांदळाच्या पिठाची गरम धिरडी, म्हणजे आमचे चिले, चार, कधी पाच, कारण दिवसभर भात नाही. भाताच्या रकान्यात रोज एक टपोरं शून्य. ऑफिसात माझी व्याख्यानं सुरू झाली. चहावाल्यालाही मी संयम शिकवला. वैनगंगेच्या काठी फिरायला जाताना बायको मध्येच बसायला लागली, तेव्हा तिलाही सुनावलं, "हालचाल नाही ना तुझी, म्हणून दम लागते."

तीन महिन्यांनी काट्यावर चढलो. दोन किलो वाढलो होतो. काटा बिघडलाय, असं मी सुचवून पाहिलं.

बाईंनी वही उघडली. "काका, पोहे कायचे बनतात?"

"धानाचे."

"मुरमुरे?"

"धानाचेच."

"आन हे चिले?"

सारा जन्म धानाच्या मुलखात काढला, पण ताटातला पांढरा ढीग तेवढाच भात, बाकी सगळा नाश्ता, असंच मी धरून चाललो होतो. बाई खो खो हसल्या. "भात तुमचा दुश्मन नाही काका. वाटीभर खा, संगं दाळ-भाजी जास्त घ्या. पोहे खाल्ले तं त्या दिवशी भात कमी."

मग त्यांनी बायकोलाही काट्यावर उभं केलं. तिचं वजन पाच किलोने उतरलं होतं. बाईंचं हसू थांबलं. "काकू, तुमाले कोनं सांगतलं भात सोडाले? तुमाले तं वजन वाढवाचं होतं!"

"कोनी नाही. पण यायच्यासमोर कशी खाऊ?"

ती सकाळी नुसता चहा घेते. संध्याकाळी मला चिले वाढता वाढता उरलेली पोळी खाते. तिचं खरं जेवण म्हणजे दुपारचा वरण-भात. तोच मी बंद केला होता, आणि वर तिला आळशी म्हणालो होतो. मला भयंकर लाज वाटली.

माझ्या गोळ्या सुरू झाल्या, त्याचं त्या दिवशी काहीच वाटलं नाही. घरी येऊन जन्मात पहिल्यांदा भात मी लावला. पाणी जास्त झालं, पार गिचका झाला. मी वाटीभर घेतला, तिला भरपूर वाढला, वर दाळ, वर तूप. तिने नावं न ठेवता सगळा संपवला आणि ताट पुढे केलं.

"आनखी थोडा वाढा," ती म्हणाली.

तीन महिन्यांत तिने एकदाही काही मागितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.