आबांचा माठ
नव्या माठाचा ओला वास आला की उधन्याच्या यंत्रमाग वस्तीतली ती दुपार आठवते. आबांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी पाणी मोजूनच प्यायला सांगितलं होतं, तरी माठ लवकर रिकामा व्हायचा.

"तुना बाप चोरीसन पानी पेस," माय म्हणाली.

मी दाराआड पाळत ठेवली. सुजलेल्या पायांनी आबा तांब्या घेऊन ओट्यावर आले आणि लूमवरून सुटलेल्या एका कामगाराच्या ओंजळीत पाणी ओतू लागले. मी पुढे झालो, तसे म्हणाले, "तो पानी पेस ना, तं माले बरं वाटस."

माझा विश्वास बसला नाही. त्यांच्या मिशा ओल्या आहेत का, ते मी जवळ जाऊन पाहिलं. कोरड्या होत्या.

आता माझंही पाणी मोजून आहे. दारात मी माठ ठेवलाय. मुलगा घरी आला की आधी माझ्या मिशांकडे बघतो.