केळीच्या खांबातली जाळी

निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून मी विणायला लागलो, असे देवपुरातले माझे शेजारी सांगतात. ते साफ चूक आहे. नोकरीत असतानाही मी विणत होतो. त्यांना दिसले उशिरा, एवढेच. सुया हातात धरायला मला थोरल्या बहिणीने शिकवले, आणि हे मी कधीही नाकारलेले नाही. नाकारतो ते तिचे पुढचे म्हणणे.

नातीच्या मुलाच्या बारशाला मी पांढऱ्या लोकरीची शाल नेली होती. तिच्यावरची जाळी पाहून बायकांनी पाळणा सोडून शालीभोवती गर्दी केली. तेवढ्यात अक्काने शाल उलटसुलट करून भर मांडवात जाहीर केले, "हाई मनी जाळी शे! लहानपणी मीच शिकवली याले."

"तुझी नाही, अक्का. ही मी केळीच्या खांबात पाहिली."

"केळीत केळी राहतस भाऊ, जाळी कशी राही?"

मांडव हसला. त्या दिवसापासून सगळे नातलग त्या नमुन्याला 'अक्काची जाळी' म्हणू लागले. दोन सुना ती तिच्याकडून शिकायलाही बसल्या. आयुष्यात मला स्वतः सुचलेली ही एकच गोष्ट, आणि तीही दुसऱ्याच्या नावावर जाणार! मी गप्प बसणार नव्हतो.

वस्तुस्थिती अशी. आदल्या हिवाळ्यात मी भाच्याच्या मळ्यात, मुक्ताईनगरकडे गेलो होतो. घड उतरवून झालेले खांब मजूर आडवे करत होते. एका ताज्या कापाकडे माझे लक्ष गेले. एकात एक वळलेले पदर, प्रत्येक पदरात पोकळ घरांची रांग, घराघरांत पापुद्र्याएवढी पातळ भिंत. मी तिथेच उकिडवा बसलो आणि बोटांवर टाके मोजू लागलो. दोन टाके एकत्र, मग दोरा पुढे. भाचा समजला, मामांना चक्कर आली. तो पाणी घेऊन धावला. मला चक्कर आली होती, असे तो आजही सांगतो. तेही खोटे.

तेव्हा गेल्या महिन्यात मी अक्काला त्याच मळ्यात नेले. तिने तिची जुनी शाल आणली होती, मी माझी. मजुराने आमच्यासमोर खांब कापला. अक्काने चष्मा पुसला, दोन्ही शाली मांडीवर पसरल्या आणि बोटाने घरे मोजत राहिली. चीक तिच्या पदराला लागला, तरी तिने हात मागे घेतला नाही. तिच्या जाळीत छिद्राखाली छिद्र सरळ उतरत होते. माझ्या जाळीत प्रत्येक ओळ अर्ध्या घराने सरकलेली होती. खांबातही एका पदरातली भिंत शेजारच्या पदरातल्या भिंतीसमोर येत नव्हती.

"बाहेरली घरं मोठी, आतली बारीक," ती अखेर म्हणाली. "तू बठ्ठी एकसारखी करी टाकी. इतकी ढोबळ चूक मी करतच नाही. तुनीच शे जाळी."

तिने तिथूनच सुनांना फोन लावला आणि मोठ्या आवाजात सांगितले, "जाळी भाऊची शे, आणि चूकही त्याचीच."

भाच्याच्या मते अक्का जिंकली. भाच्याला विणकामातले काही कळत नाही. निर्णयाचा पहिला भाग स्पष्ट आहे. दुसरा भाग ही बहिणीची जीभ. आता मी आतल्या ओळींत घरे बारीक होत जाणारी नवी शाल सुरू केली आहे. चूक मान्य केली म्हणून नव्हे. सुधारणा सुचली म्हणून.

परवा अक्काचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "ते अर्ध्या घरानं सरकवणं कसं जमाडस रे? मले दाखवशी का?"

रविवारी ये म्हटले. लोकर तुझी आण, हेही सांगितले.